लांडगा कोण होणार?

मुलांचे नाटक बसवायला घेतले की पहिले भांडण पात्रांच्या वाटणीवरून होते. राजा सगळ्यांनाच व्हायचे असते, परी सगळ्यांनाच व्हायचे असते. लांडगा मात्र कोणालाच व्हायचे नसते.

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही शिक्षक आणि वाचनालयात बसणारी मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या मुलांची नाटके बसवतो. आम्ही काही नाटकवाले नाही. आमच्याजवळ रंगमंच नाही. शादीखान्याचा ओटा, दोन चादरींचा पडदा आणि भाड्याचा माइक एवढाच आमचा पसारा. परंतु इतक्या लहान उद्योगातही असे काही प्रश्न उभे राहिले, की ते केवळ नाटकाचे आहेत असे आम्हाला आता वाटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एका वर्षी आम्ही 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट घेतली होती. त्यातला लांडगा, म्हणजे गोष्टीतला भेडिया, आम्ही एका उंच, आडव्या बांध्याच्या मुलाला दिला. तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि खाली बघत म्हणाला, "सर, मैं भेडिया नहीं बनता. बाद में सब मेरे को भेडियाच बोलेंगे."

आम्ही हसलो. नाटक ते नाटक, त्यात काय एवढे, असे त्याला समजावले. तो गेला. मग आमच्यातल्याच एका बाजींनी विचारले, "त्यालाच का दिला आपण भेडिया?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या मुलाच्या घरी मटणाचे दुकान आहे. राजा दिला होता कंत्राटदाराच्या मुलाला. अब्बू खाँ दिला होता मौलवीसाहेबांच्या नातवाला. कोणी मुद्दाम केले नव्हते. पण मुद्दाम केले नाही, म्हणून ते निर्दोष ठरते का?

परीकथेतले पात्र करणे सोपे, असा समज आहे. मुलांची गोष्ट, त्यात अभिनय तो काय करायचा? अनुभव उलटा आहे. नव्या नाटकातले पात्र कोरे असते. प्रेक्षक त्याला प्रथमच भेटतो, म्हणून नट जसा दाखवील तसे ते होते. परीकथेतले पात्र नटाच्या आधीच प्रेक्षकाच्या मनात येऊन बसलेले असते. प्रत्येकाच्या नानीने, दादीने सांगितलेली चेटकीण वेगळी. कोणाची दातरी, कोणाची उलट्या पायांची. नट समोर येतो तेव्हा पोरे त्याला मनातल्या चेटकिणीशी ताडून पाहतात. शिवाय गोष्टीचा शेवट सगळ्यांना पाठ असतो. पुढे काय होणार या उत्सुकतेचा आधार नटाला मिळत नाही.

मराठी बालरंगभूमीने हे आव्हान गांभीर्याने घेतले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. 1959 साली सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले आणि त्यातली चेटकीण स्वतः केली. मुलांसाठी मोठ्या माणसांनी मन लावून नाटक करायचे असते, हे त्यातून मराठी माणसाला कळले. पुढे मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजवली. तेच नाटक 2018 साली पुन्हा आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. नाटक तेच, चेटकीण तीच, दोन्ही वेळा पुरुषानेच केलेली. तरीही मुले भ्यायली आणि हसली. कारण या नटांनी चेटकिणीची थट्टा केली नाही. 'मी काही खरी चेटकीण नाही, बरे का' असा डोळा प्रेक्षकाला मारला की मुले त्या नटाला क्षमा करत नाहीत. ओळखीचे पात्रही नटाने खरे मानले पाहिजे.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्हाला वाटले होते, की आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्यावी. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तेथे जातात. टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे थट्टेखोर व्यापाऱ्यांचा माल, बाबांच्या शब्दाने नारळांचे दगड झाले, ही दंतकथा इकडे लहानथोरांना ठाऊक आहे. परंतु बाबांचे सोंग कोणी घ्यायचे? कोणीच घ्यायचे नाही, यावर आमच्यात वाद झालाच नाही. गोष्ट आम्ही सोडून दिली. श्रद्धेची गोष्ट ऐकायची असते, तीत शिरून पात्र होता येत नाही. परीकथेचे वेगळे आहे. तिच्यातला राजा कोणाचा नसतो, म्हणून तो कोणालाही होता येतो. 'नाटक म्हणजे स्वांग, स्वांग म्हणजे झूठ' असे म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना आम्ही हाच फरक सांगत आलो. झूठ म्हणजे समोरच्याला फसवणे. परीकथेत कोणी फसत नाही. चादरीमागे शेजारचा पोरगा आहे हे सर्वांना माहीत असते.

मग आम्ही अलीबाबा घेतला. घेतला तेव्हा वाटले, ही तर आपलीच गोष्ट. माहिती काढू लागलो तेव्हा थक्क झालो. अलीबाबा आणि अल्लाउद्दीन या दोन्ही गोष्टी 'अलिफ लैला'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. हन्ना दियाब नावाच्या, हलब शहरच्या एका सीरियन ख्रिस्ती तरुणाने 1709 साली पॅरिसमध्ये त्या आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला सांगितल्या. गालाँने त्या आपल्या फ्रेंच भाषांतरात घातल्या आणि तेथून त्या जगभर गेल्या. गोष्टीतला अल्लाउद्दीन तर चीनमधला मुलगा आहे! मराठीत 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणल्या, त्याही इंग्रजीवरून. पुढे गौरी देशपांडे यांनी 1976-77 मध्ये 'अरेबियन नाइट्स'चे 16 खंड मराठीत केले. सीरियन ख्रिश्चनाने सांगितलेली, फ्रेंच माणसाने लिहिलेली, ब्राह्मण शास्त्र्याच्या भाषेत मराठी झालेली ही गोष्टींची दुनिया आम्ही 'आपली' म्हणतो आणि इतरेजन 'त्यांची' म्हणतात.

आणि तिची वेशभूषा? ढगळ सलवार, डोळ्यांत सुरमा, गळ्यात तावीज, कमरेला वाकडी तलवार, हनुवटीला चिकटवलेली दाढी. चाळीस चोर म्हटले की हा सरंजाम आपोआप निघतो. तो गोष्टीतून आलेला नाही, भाड्याच्या कपड्यांच्या पेटीतून आलेला आहे. आमच्यातल्या एका मित्राला शाळेच्या स्नेहसंमेलनात लागोपाठ तीन वर्षे अफझलखान मिळाला होता. शिक्षक प्रेमळ होते. "तुझी उर्दू साफ आहे, तुलाच शोभेल," म्हणत. टाळ्याही पडत. त्यालाही मजा वाटे. पण चौथ्या वर्षी त्याने मावळा मागितला, तेव्हा सगळा वर्ग हसला. ते हसणे तो पन्नाशीतही विसरलेला नाही. तो म्हणतो, "खान व्हायला माझी हरकत नव्हती. मावळा होता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले."

ओळखीच्या पात्राचे ओझे ते हेच. तुम्ही तोंड उघडण्याआधी तुम्ही कोण हे ठरलेले असते. नट दोन-तीन तासांनी ते पात्र उतरवून घरी जातो. काही माणसांना मात्र ते रस्त्यावर, भाड्याचे घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत अंगावर वागवावे लागते. मुस्लिम वाचकाला हे अधिक फोडून सांगायला नको. याबद्दल आम्ही पुष्कळ बोललो आहोत, पुष्कळ लिहिले आहे. पण ज्या दिवशी आम्ही त्या मटणवाल्याच्या मुलाला भेडिया दिला, त्या दिवशी आम्ही त्या प्रेमळ शिक्षकांपेक्षा वेगळे होतो का? आमच्या मनातही एक पेटी होतीच. तिच्यातून आम्ही त्याच्यासाठी तयार कातडे काढले होते. समतेचा कलमा पढणाऱ्या समाजात कुठल्या गल्लीतला मुलगा काय शोभेल, हे आम्हीही न बोलता ठरवले होते.

मग ओळखीचे पात्र करायचे तरी कसे? याचे उत्तर आम्हाला अलीबाबाच्याच नाटकात मिळाले, तेही अपघाताने. गोष्टीतला कासीम, अलीबाबाचा लोभी भाऊ, गुहेत शिरतो, सोने पाहून वेडा होतो आणि बाहेर पडायचा शब्द विसरतो. 'तिळा तिळा दार उघड' म्हणायचे तर तो म्हणतो, जवा दार उघड. तालमीत आमचा कासीम फार रंगात येई. डोळे वटारी, हात चोळी, गडगडाटी हसे. मुले खो खो हसत. लोभी माणूस मरणार, बरे झाले. प्रयोगाच्या दिवशी काय झाले कोण जाणे, गर्दी पाहून पोरगा खरोखरच गांगरला. डोळे वटारायचे विसरला. दाराच्या जागी लावलेल्या चादरीसमोर उभा राहून हळू आवाजात एकेक धान्य आठवू लागला. गहू. ज्वारी. तूर. वर्धेकडच्या शेतातले होते नव्हते ते सगळे धान्य त्याने घेतले. शादीखाना चिडीचूप झाला. आणि मग पुढे बसलेली चिल्लीपिल्ली ओरडू लागली, "तीळ! अरे, तीळ बोल ना! सिमसिम! सिमसिम!"

कासीम लोभी आहे हे त्यांना माहीत होते. तो मरणार हेही माहीत होते. तो मेला नाही तर गोष्टच पुढे जाणार नाही, हेही माहीत होते. तरी त्याला वाचवायला ती उठून उभी राहिली. पोरगा दुष्टपणा दाखवत होता तोवर ती त्याच्या मरणाला हसत होती. तो भ्यायलेला माणूस झाला, तसा त्याच शेवटाला त्यांनी विरोध केला.

आम्ही त्या दिवशी शिकलो ते इतकेच: शेवट नटाला माहीत असतो, पात्राला माहीत नसतो. नटाने पात्राच्या बाजूने उभे राहायचे असते. भेडियाला आपण 'दुष्ट भेडिया' आहोत हे ठाऊक नसते. त्याला भूक ठाऊक असते. कासीमला आपण 'लोभी भाऊ' आहोत हे ठाऊक नसते. त्याला दार उघडत नाही एवढेच कळते. पात्राच्या कपाळावर जगाने लावलेली चिठ्ठी नटाने वाचून दाखवायची नसते. तिच्याखालचा माणूस दाखवायचा असतो. हे नाटकाचे तंत्र झाले. पण माणसाने माणसाशी कसे वागावे, याचाही कायदा याहून वेगळा काय आहे?

कोणी म्हणेल, असे केले तर वाईटाला वाईट म्हणायचेच नाही का? लहान मुलांना चांगले-वाईट कळायला नको? शंका रास्त आहे. पण मुलांनी कासीमच्या लोभाला चांगले म्हटले नव्हते. लोभ वाईटच राहिला, फक्त माणूस परका राहिला नाही. वाईट काम ओळखणे आणि वाईट माणसाची जात ठरवून टाकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीकथा वाईट रीतीने केली तर दुसरी शिकवते. नीट केली तर पहिली.

त्याच नाटकात आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. अलीबाबाच्या गोष्टीतली खरी शहाणी आणि शूर व्यक्ती मर्जीना ही दासी आहे. तेलाच्या रांजणांत लपलेले चोर ती ओळखते, घर ती वाचवते. आमची मर्जीना बारा वर्षांची हुशार मुलगी होती. प्रयोगाला आठवडा उरला असता घरून निरोप आला, "लडकी अब बडी हो गई." आम्ही वाद घातला नाही. एका मुलाला ओढणी दिली. तो मुरडत चालला, लोक हसले, आणि गोष्टीतली सर्वांत थोर बाई विनोद होऊन गेली. पुरुषाने स्त्री केली म्हणून ते बिघडले नाही. आम्ही त्या पात्राच्या बाजूने उभे राहिलो नाही, आणि त्या मुलीच्याही नाही, म्हणून बिघडले. पुढच्या वर्षीपासून आम्ही आयांना तालमीला बोलावू लागलो. त्या आल्या, बसल्या, चुका काढू लागल्या. त्यानंतर मुली थांबल्या नाहीत.

आता पुन्हा अब्बू खाँच्या बकरीकडे. ही गोष्ट वर्ध्यात करण्याला एक विशेष अर्थ आहे. तिचे लेखक डॉ. झाकिर हुसेन. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. नयी तालीमची वर्धा योजना म्हणून जी देशभर ओळखली गेली, ती या समितीच्या अहवालातून. हाताने काम करत शिकावे, असे सांगणारा हा माणूस मुलांसाठी गोष्टीही लिहीत असे. 1967 साली ते राष्ट्रपती झाले. उर्दू शाळेत शिकलेल्यांना मात्र त्यांची पहिली ओळख चांदनी या बकरीमुळे होते.

गोष्ट अशी. अल्मोड्याच्या अब्बू खाँच्या बकऱ्या दावे तोडून डोंगरात पळतात आणि भेडिया त्यांना खातो. चांदनीवर त्याचा फार जीव. तिला तो कोठडीत बंद करतो, पण खिडकी उघडी राहते. चांदनी डोंगरात जाते, एक दिवस मोकळी हुंदडते. संध्याकाळी परतायची हाक येते, ती परतत नाही. भेडिया येतो. आपण त्याला मारू शकत नाही हे तिला माहीत असते. तरी ती रात्रभर शिंगांनी झुंजते आणि पहाटे, अजानच्या वेळी, कोसळते. झाडावरचे पक्षी वाद घालतात, कोण जिंकले? बहुतेक म्हणतात भेडिया. एक म्हातारा पक्षी मात्र म्हणतो, चांदनी.

या गोष्टीचा साचा अल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाच्या एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टीचा आहे. दोदेच्या गोष्टीतही बकरी रात्रभर लढते आणि सकाळी मरते. तेथे ती गोष्ट एका हट्टी कवीला धडा म्हणून सांगितलेली आहे. दावे तोडणाऱ्याचे काय होते ते पाहा! झाकिरसाहेबांनी मरण बदलले नाही. त्यांनी झाडावर तो म्हातारा पक्षी बसवला. शेवट तोच, पाहणारा बदलला, आणि धाकाची गोष्ट स्वातंत्र्याची झाली. ओळखीच्या गोष्टीत माणसाला जेवढे स्वातंत्र्य असते ते एवढेच, पण ते थोडे नाही.

काही पालकांनी सुचवले, मुलांचे नाटक आहे, बकरीला वाचवा. आम्ही मुलांनाच विचारले. ती म्हणाली, "फिर वो चांदनी नहीं रहेगी." तेव्हा शेवट तसाच ठेवला. वाटणी मात्र बदलली. प्रत्येक मुलाने एक दिवस भेडिया व्हायचे, एक दिवस चांदनी, एक दिवस अब्बू खाँ. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या. भेडिया आला आमच्याच एका सहकाऱ्याच्या मुलीला. आमचे चेहरे पाहण्यासारखे झाले असावेत, कारण मुले आमच्याकडे बघून हसली. आणि चांदनीची चिठ्ठी निघाली त्या मटणवाल्याच्या मुलाच्या हाती.

त्याच्या घरी थोडी कुजबुज झाली. कसाबाचा पोरगा बकरी होणार, लोक काय म्हणतील? तो बोलला नाही. पण बकरी त्याला जितकी ठाऊक होती तितकी आमच्यापैकी कोणाला नव्हती. ती कान कसे टाकते, रागावली की पुढचा खूर कसा आपटते, शिंग देण्याआधी मान कशी घालते, हे त्याने भेडियाला आणि आम्हालाही शिकवले. प्रयोगात त्याने बें बें केले नाही, पडला तेव्हा तडफड केली नाही. बकरी बसते तशी आधी पुढचे गुडघे टेकले आणि मग आडवा झाला. डोळे उघडे. मागच्या भिंतीशी उभे असलेले त्याचे अब्बा डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन उभे होते. कोणी हसले नाही.

नंतर एक चाचा आम्हाला म्हणाले, "मरनाच था तो लडी कायकू?" आम्हाला उत्तर सुचले नाही. शेजारी उभ्या असलेल्या भेडियाने, म्हणजे त्या मुलीने, तोंडाला लावलेली काजळी पुसत सांगितले, "चाचा, उसको मालूम नहीं था ना, मरनाच है करके."

गोष्टीतल्या चांदनीला ते माहीत होते, असे आम्ही तिला सांगू शकलो असतो. सांगितले नाही. आपण मरणार असे वाटणे वेगळे, आणि आपला शेवट लिहून ठेवलेला आहे असे मानून बसणे वेगळे. चांदनीने पहिले केले, दुसरे केले नाही. मुलीला हे रात्रभराच्या झुंजीतून कळले असावे.

आम्ही, या समाजातली माणसे, जगाच्या गोष्टीत ओळखीचे पात्र होऊन बसलो आहोत. आमचा शेवट इतरांना पाठ आहे असे त्यांना वाटते, आणि कधी कधी आम्हालाही वाटू लागते. पेटीतले कातडे नाकारण्याचा हक्क आम्हाला हवा आहे, तो मागितलाच पाहिजे. पण मागताना आपल्या घरातली पेटीही उघडून पाहावी. कोणत्या गल्लीतल्या मुलाला, कोणत्या मुलीला, कोणत्या गरिबाला आपण न विचारता काय वाटून दिले आहे?

पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या मोहल्ल्यात मुलांचे नाटक बसेल, तेव्हा राजा कोणाला द्यायचा याची चिंता करू नका. राजा कोणीही होईल. लांडगा कोण होणार, ते विचारा, आणि आपले बोट कोणाकडे जाते ते बघा.